इंग्लंडात जुनं चर्च आणि फुटबॉल ग्राउंड एकाच दिवसात, एकाच फेरीत कसं बघायचं

लिव्हरपूल शहरातलं, एव्हर्टन क्लबचं गुडिसन पार्क टीव्हीवर बघितलं असेल तर एका कोपऱ्यात, दोन स्टँडच्या मधल्या फटीतून एक चर्च डोकावताना दिसलं असेल. ते सेंट ल्यूक्स. ग्राउंड १८९२ चं, चर्च त्यानंतर काही वर्षांनी बांधलेलं, आणि दोघं एकमेकांना इतकी खेटून आहेत की फुटपाथवरून बघताना एकाची भिंत कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते हे जरा शोधावंच लागतं. तिथे उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, ती म्हणजे इंग्लंडात चर्च बघायची एक ट्रिप आणि ग्राउंड बघायची दुसरी असं करायचंच नाही. दोन्ही एका दिवसात, चालत, आणि आधी चर्च मग ग्राउंड याच क्रमाने बघायची.

क्रमाचा एवढा आग्रह का, तर यातले कितीतरी क्लब चर्चमधूनच निघालेत. एव्हर्टन म्हणजे १८७८ साली सेंट डोमिंगो मेथडिस्ट चर्चच्या पोरांनी काढलेली टीम. साउथहॅम्प्टन १८८५ सालचं, सेंट मेरीज चर्चच्या तरुण मंडळाचं, म्हणून तर त्यांना अजून सेंट्स म्हणतात. मँचेस्टर सिटीची सुरुवात १८८० ला वेस्ट गॉर्टनच्या सेंट मार्क्समधून, फुलहॅमची १८७९ ला सेंट अँड्र्यूज चर्चच्या रविवारच्या शाळेतून, अ‍ॅस्टन व्हिलाची १८७४ ला एका वेस्लियन चॅपलच्या क्रिकेट खेळणाऱ्या मुलांमधून, कारण त्यांना हिवाळ्यात खेळायला काहीतरी हवं होतं. पाद्र्यांनाही वाटायचं की गिरणी-कारखान्यातली पोरं गुत्त्यात जाण्यापेक्षा मैदानावर बरी. आणि १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांमध्ये बायका आणि किशोरवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबायला लागलं, मग अर्ध्या सुट्टीची पद्धत हळूहळू पसरली, शनिवारी तीनची मॅच ही सवय त्यातूनच आलीये. हे एकदा माहीत असलं ना, की ग्राउंडच्या आजूबाजूच्या लाल विटांच्या घरांच्या रांगा आणि मधूनच वर आलेला चर्चचा मनोरा, हे सगळं एकाच गोष्टीचे तुकडे वाटायला लागतात.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते बघू.

आधी क्लब निवडा, मग त्याचं चर्च शोधा

उलटं करू नका. चर्च हजारो आहेत, फक्त चर्च ऑफ इंग्लंडचीच साधारण सोळा हजार, त्यातून सुरुवात केली तर डोकं गरगरतं. वरच्या चार डिव्हिजनमध्ये मात्र क्लब बरोबर ९२, प्रीमियर लीगचे २० आणि खाली इंग्लिश फुटबॉल लीगचे ७२. (ही ९२ च्या ९२ ग्राउंड मॅच बघून पूर्ण करणारे लोक आहेत, त्यांचा नाइन्टी-टू क्लब नावाचा क्लबसुद्धा आहे.) तुम्ही ज्या गावात राहताय किंवा जिथे जाणार आहात तिथला एक क्लब घ्या, त्याच्या वेबसाइटवरचं इतिहासाचं पान वाचा, आणि पहिल्या दोनतीन वर्षांत कुठल्या चर्चचं, शाळेचं, रस्त्याचं नाव येतंय ते लिहून काढा. मूळ चर्च पडलेलं, जळलेलं किंवा तिथे आता फ्लॅट झालेले असतील, होतं असं बऱ्याचदा, पण मग त्याच भागातलं दुसरं जुनं चर्च घ्यायचं, गोष्ट तिथेही सापडते.

मग नकाशा. मोबाइलवरचा नकाशा रस्ता दाखवायला ठीक आहे पण ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा नकाशा एकदा जरूर बघा, त्याच्यावर चर्चच्या खुणा मस्त असतात, काळा चौकोन आणि वर क्रॉस म्हणजे मनोरा असलेलं चर्च, काळा गोल आणि क्रॉस म्हणजे टोकदार शिखर किंवा घुमट असलेलं, नुसता क्रॉस म्हणजे दोन्ही नसलेलं. रस्त्यात वाट चुकलात तर वर बघायचं, शिखर दिसतं नाहीतर फ्लडलाइटचे खांब.

नॅशनल हेरिटेज लिस्ट फॉर इंग्लंड ही संरक्षित वास्तूंची यादी ऑनलाइन फुकट बघता येते. ग्रेड वन सगळ्यात महत्त्वाचं, मग ग्रेड टू स्टार, मग ग्रेड टू. त्यात चर्चचं नाव टाकलं की कुठला भाग कधीचा हे लिहिलेलं असतं आणि गंमत म्हणजे काही फुटबॉल स्टँडही त्या यादीत आहेत, त्याबद्दल पुढे सांगतो.

दिवस ठरवताना सगळ्यात जास्त गडबड होते

रविवारी सकाळी चर्च उघडं असतं पण तेव्हा लोक प्रार्थनेला आलेले असतात, तुम्ही प्रार्थनेला बसणार असाल तर अगदी जा, कोणीही या असंच असतं, पण कॅमेरा घेऊन इकडे तिकडे फिरायला ती वेळ नाही. शनिवारी दुपारी लग्नं असतात. मी एकदा दोन ट्रेन बदलून एका गावातल्या चर्चला पोचलो तर आत लग्न चाललेलं, तास-दीड तास बाहेर थडग्यांवरची नावं वाचत बसलो आणि मग मॅचची वेळ झाली म्हणून आत न जाताच निघालो. तेव्हापासून आधी फोन किंवा ईमेल करतोच. ‘अ चर्च निअर यू’ ही चर्च ऑफ इंग्लंडची साइट आहे, तिथे प्रत्येक चर्चच्या प्रार्थनेच्या वेळा आणि संपर्क मिळतो.

मॅचच्या दिवशी जायचं की मॅच नसताना, हा दुसरा प्रश्न. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा मॅच नसताना जा. ग्राउंड नीट बघता येतं, चारही बाजूंनी फिरता येतं, आणि स्टेडियम टूर बहुतेक ठिकाणी मॅचच्या दिवशी नसतेच किंवा अगदी छोटी असते. मॅच बघायचीच असेल तर एक नियम पाळा, महिन्यापूर्वी पाहिलेल्या तारखेवर विश्वास ठेवून ट्रेनचं तिकीट काढू नका, टीव्हीसाठी मॅच शनिवारवरून रविवारी, सोमवारी कुठेही सरकते, तारीख पक्की जाहीर झाली की मगच ट्रेन बुक करा.

सप्टेंबर जमत असेल तर फार छान, तेव्हा हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी बंद असलेल्या कितीतरी इमारती फुकटात उघडतात. हिवाळ्यात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि चर्चही लवकर बंद होतात, तेव्हा सकाळीच चर्च उरकून घ्या.

चर्चमध्ये गेल्यावर

दार बंद दिसलं तरी लगेच परत फिरू नका. जुनी कडी जड असते, दोन्ही हातांनी फिरवून बघा. खरंच कुलूप असेल तर पोर्चमधल्या बोर्डावर बघा, किल्ली कोणाकडे मिळेल त्याचा नंबर बऱ्याचदा लिहिलेला असतो, फोन केला की आनंदाने येऊन उघडतात. वापरात नसलेली पण जपलेली साडेतीनशेहून जास्त चर्च चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टकडे आहेत, त्यांच्या साइटवर कुठलं कधी उघडं ते दिलेलं असतं.

आत गेल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळ्यांना सवय होऊ द्या. उन्हाळ्यातही आत गारठा असतो, एक स्वेटर जवळ ठेवाच. आणि मग कमानी बघा, कमानींवरून वय कळतं. अर्धगोल जाड कमानी आणि जाडजूड खांब म्हणजे नॉर्मन, साधारण १०६६ ते ११९०. टोकदार आणि अरुंद उंच खिडक्या म्हणजे त्यानंतरचं तेरावं शतक. खिडकीच्या वरच्या भागात दगडाची वेलबुट्टीसारखी नक्षी असेल तर साधारण १२५० ते १३५०. आणि खिडकी खूप रुंद, उभ्या सरळ रेषांनी भागलेली, भरपूर उजेड, तर १३५० नंतरची. एकाच चर्चमध्ये चारही काळ सापडू शकतात कारण पैसे आले की एक तुकडा वाढवायचा असंच शतकानुशतकं चाललेलं असतं.

पण फुटबॉलच्या फेरीत एक गोष्ट विसरू नका. नॉर्मन चर्च बघायला सगळे जातात, क्लब जन्माला घातले ते साध्यासुध्या व्हिक्टोरियन चर्चनी, कामगार वस्तीतल्या, विटांच्या, १८६० ते १९०० मधल्या. पर्यटकांच्या पुस्तिकेत त्यांना अर्धी ओळसुद्धा मिळत नाही. तिथे कमानींपेक्षा भिंतीवरच्या पाट्या वाचा, महायुद्धात गेलेल्यांची यादी वाचा, एकाच आडनावाचे तीन तीन भाऊ दिसतात. शाळेची खोली किंवा हॉल कुठे आहे विचारा, टीमच्या पहिल्या मीटिंगा तिथेच झालेल्या असतात. आतल्या स्वयंसेवक आजी-आजोबांना ‘इथूनच क्लब सुरू झाला ना?’ एवढं विचारलं की पुढचा अर्धा तास तुम्हाला काही करावं लागत नाही, ऐकत बसायचं फक्त.

फोटो काढायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, पण विचारून, फ्लॅश बंद करून, आणि कोणी प्रार्थना करत बसलं असेल तर त्यांच्याकडे कॅमेरा अजिबात नको. डोक्यावरची टोपी काढायची. गावातल्या चर्चला तिकीट नसतं, मात्र दाराजवळ दानपेटी किंवा कार्ड टेकवायचं मशीन असतं, तिथे काहीतरी टाकाच, छपराची गळती त्याच पैशांतून थांबते. मोठी काही कॅथेड्रल तिकीट लावतात, पण संध्याकाळची गायनासहित प्रार्थना, इव्हनसाँग, सगळीकडे फुकट असते, अगदी सेंट पॉल्स आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्येसुद्धा. लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथेड्रलला तर मुळात प्रवेश फुकट आहे, फक्त टॉवरवर जायचे पैसे.

ग्राउंडवर

मॅच नसताना आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. पुतळे, गेट, जुन्या टर्नस्टाइल म्हणजे एकेक माणूस आत सोडणारी अरुंद फिरती दारं, भिंतीवर रंगवलेले खेळाडू, हे सगळं फुकटात. स्मारकं असतात तिथे मात्र आवाज खाली. अ‍ॅनफील्डला, म्हणजे लिव्हरपूल क्लबच्या ग्राउंडवर, हिल्सबरोचं स्मारक आहे, शेफील्डच्या हिल्सबरो ग्राउंडवर १५ एप्रिल १९८९ ला झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेत गेलेल्या ९७ जणांची नावं तिथे कोरलेली आहेत, लोक अजून फुलं आणि स्कार्फ ठेवतात. तिथे हसत सेल्फी काढू नका. त्या दुर्घटनेनंतर सरकारी चौकशीचा टेलर रिपोर्ट आला आणि वरच्या डिव्हिजनच्या ग्राउंडवर उभं राहून बघायच्या पायऱ्या जाऊन सगळीकडे खुर्च्या आल्या, म्हणजे आज जी ग्राउंड आपण बघतो त्यांचं रूप बरंचसं त्या दिवसामुळे बदललेलं आहे.

जुन्या स्टँडच्या बाबतीत एक नाव लक्षात ठेवा, आर्चिबाल्ड लीच. स्कॉटिश इंजिनियर, आधी कारखाने बांधायचा, मग त्याने ब्रिटनमधल्या कितीतरी ग्राउंडचे स्टँड बांधले. वरच्या मजल्याच्या बाल्कनीवर लोखंडी पट्ट्यांची फुल्या-फुल्यांची जाळी दिसली की ती त्याची खूण, गुडिसनच्या बुलन्स रोड स्टँडवर अजून आहे.

मॅचला जाणार असाल तर चार गोष्टी. तिकीट फक्त क्लबकडून किंवा क्लबने मान्य केलेल्या ठिकाणाहूनच घ्या, फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय परस्पर विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, गेटबाहेर कोणी हातात देऊ लागलं तरी नाही म्हणा. होम टीमच्या भागात बसून पाहुण्या टीमचा रंग घालायचा नाही, त्यांनी गोल केला तरी उड्या मारायच्या नाहीत, बाहेर काढतात. मोठी सॅक आत घेऊ देत नाहीत आणि सामान ठेवायला जागा असेलच असं नाही, म्हणून चर्चच्या फेरीलाच छोटी बॅग घेऊन निघा. आणि बिअर हातात घेऊन सीटवर जाता येत नाही, १९८५ पासून वरच्या डिव्हिजनमध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी आहे.

तिकीट मिळालंच नाही तर वाईट वाटून घेऊ नका, खालच्या पातळीवरची नॉन-लीग मॅच बघा. तिथे गेटवर पैसे देऊन आत जाता येतं, बऱ्याच ग्राउंडवर कठड्याला टेकून उभं राहता येतं, आणि हाफ टाइमला लोक एका गोलामागून दुसऱ्या गोलामागे चालत जातात. शेफील्डचं सँडीगेट तर खास आहे, हॅलम एफसीचं मैदान, २६ डिसेंबर १८६० ला तिथे हॅलम आणि शेफील्ड एफसीची मॅच झाली, जगातलं सगळ्यात जुनं फुटबॉल ग्राउंड म्हणून गिनीजमध्ये त्याची नोंद आहे. मैदानाला चांगला उतार आहे, कुठली टीम उतारावरून खेळतेय याच्यावर लक्ष ठेवून मॅच बघायला मजा येते.

पहिली फेरी करायची तर फुलहॅमची करा

लंडनमध्ये असाल तर ही माझी सगळ्यात आवडती. वॉटर्लूवरून ट्रेनने पटनीला उतरा, हाय स्ट्रीटने सरळ खाली नदीपर्यंत या, पुलाच्या अलीकडे उजव्या हाताला सेंट मेरीज चर्च. इथे १६४७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलच्या सैन्यातले सैनिक आणि अधिकारी एकत्र बसून राज्य कोणी निवडायचं, मत कोणाला असावं यावर भांडले, कर्नल रेन्सबरोने गरिबातल्या गरीब माणसाचाही हक्क ठासून मांडला. १९७३ च्या आगीत चर्चचं आतून खूप नुकसान झालं, नंतर दुरुस्त केलं, पण मनोरा पंधराव्या शतकातला आहे.

मग पूल ओलांडा. पटनी ब्रिजच्या दोन्ही टोकांना एकेक चर्च आहे, पलीकडचं ऑल सेंट्स, त्याचाही मनोरा पंधराव्या शतकातला आणि बाकीचं १८८० च्या सुमारास नव्याने बांधलेलं. त्याच्या आवारात लंडनच्या काही बिशपांची थडगी आहेत, आणि ते राहायचे तो फुलहॅम पॅलेस शेजारीच, म्युझियम आणि बाग फुकट. तिथून बिशप्स पार्कमधून नदीच्या कडेकडेने चालत राहा, डावीकडे थेम्स, वर मोठी झाडं, आणि दहा-पंधरा मिनिटांत झाडांच्या शेवटी फ्लडलाइट दिसतात. ते क्रेव्हन कॉटेज, फुलहॅमचं ग्राउंड.

नदीकडच्या बाजूने न जाता स्टीव्हनेज रोडवर या. लाल विटांची लांबच लांब दर्शनी भिंत आहे, १९०५ ची, लीचचीच, संरक्षित वास्तूंच्या यादीतल्या स्टँडपैकी एक तो हाच. समोर घरांची रांग, मधे अरुंद रस्ता, घराच्या खिडकीतून हात काढला तर स्टँडला लागेल असं वाटतं. जॉनी हेन्सचा पुतळा बघा, १९६१ मध्ये आठवड्याला शंभर पाउंड मिळवणारा तो पहिला ब्रिटिश फुटबॉलपटू. आणि कोपऱ्यात ती छोटी कॉटेज, तीही लीचची, खेळाडू अजून तिथेच कपडे बदलतात. टूर मिळाली तर आतल्या लाकडी सीटवर पाच मिनिटं बसून घ्या. पाय चालत असतील तर पुढे अर्ध्या तासावर स्टार रोडवरचं सेंट अँड्र्यूज आहे, क्लब जिथून निघाला ते, पण हे शेवटी ठेवू नका, दमायला होतं, वेगळ्या दिवशी बॅरन्स कोर्ट स्टेशनवरून जा.

लिव्हरपूलची फेरी

हेवर्थ स्ट्रीटवरच्या सेंट जॉर्जेसपासून सुरू करा. १८१३-१४ चं चर्च, बाहेरून दगडी आणि आत खांब, गॅलऱ्या, खिडक्यांची नक्षी सगळं ओतीव लोखंडाचं. टेकडीवर असल्याने खाली अख्खं शहर आणि नदी दिसते. जवळच उतारावर १७८७ ची गोल दगडी कोठडी आहे, एव्हर्टनच्या बिल्ल्यावर जो बुटका मनोरा असतो तो हाच, लहान आहे पण चुकवू नका. तिथून उत्तरेला चालत अ‍ॅनफील्ड, मग स्टॅनली पार्क ओलांडून गुडिसन, सगळं मिळून साधारण दोन मैल.

पार्कमधून जाताना हे लक्षात असू द्या की सेंट डोमिंगोची पोरं पहिल्यांदा इथेच खेळली. पुढे एव्हर्टन अ‍ॅनफील्डवर खेळायला लागले, भाड्यावरून जागेचे मालक जॉन होल्डिंग यांच्याशी बिनसलं, १८९२ ला क्लब पार्कच्या या बाजूला आला, आणि रिकाम्या ग्राउंडसाठी होल्डिंगनी लिव्हरपूल नावाचा नवा क्लब काढला. क्लबला इकडे घेऊन यायला पुढाकार घेतला जॉर्ज मॅहनने, आणि तो सेंट डोमिंगो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा! २०२५ ला एव्हर्टनची पुरुषांची टीम बंदरावरच्या नव्या स्टेडियमला गेली, गुडिसनवर आता महिलांची टीम खेळते, तेव्हा त्यांची मॅच असेल त्या दिवशी जाता आलं तर आत बसून कोपऱ्यातलं चर्चही बघता येईल.

बर्मिंगहॅमला असाल तर अ‍ॅस्टन सोपं आहे, चर्चचं शिखर, सतराव्या शतकातला अ‍ॅस्टन हॉल हा वाडा आणि अ‍ॅस्टन व्हिलाचं ग्राउंड व्हिला पार्क एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, विटन स्टेशनला उतरायचं. हॉल उघडा आहे का तेवढं आधी बघा.

आणि साउथहॅम्प्टनला गेलात तर सेंट मेरीज चर्चपासून सुरू करा, १९४० च्या बॉम्बहल्ल्यात ते बेचिराख झालं होतं, नंतर परत उभं केलं. क्लब इथून निघाला, १८९८ पासून २००१ पर्यंत शहराच्या दुसऱ्या भागात द डेल नावाच्या ग्राउंडवर खेळला, तिथे आता फ्लॅट आहेत, आणि मग परत चर्चच्या जवळ येऊन नवं स्टेडियम बांधलं आणि नाव ठेवलं सेंट मेरीज. चर्चच्या दारापासून टर्नस्टाइलपर्यंत चालत पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत.